सकाळचं दूध डेअरीचं

गारगोटी
१२ मे १९९८

आक्का,

वरती नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही, रागावू नकोस. जत्रा झाली, पाव्हणे पांगले, तुम्हीही कोल्हापूरला पोचलात, पण माझ्या डोळ्यांपुढून ते चित्र हलत नाही.

हौसेनं मी दोन फ्रॉक शिवून घेतले होते. एकाच ताग्याचे, एकाच मापाचे. शिंपी म्हणाला, "दुसऱ्या पोरीचं माप?" मी म्हणाले, "अवो, जुळ्या हाईत, एका वारेच्या, अगदी सारख्या. एकीचं घेतलं की दुसरीचं झालं." आणि तुझ्या पद्माच्या खांद्यात तो फ्रॉक शिरेना! ओढून-ताणून घातला तर गुडघ्याच्या वर. बायका हसल्या. मग कुणीतरी दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं आणि सगळ्यांचं हसू थांबलं. माझ्या संयूचं डोकं पद्माच्या कानाच्या पाळीशी लागत होतं. 

तीन वर्षं दोघी समोरासमोर आल्या नव्हत्या. आमच्या आत्तींचा दंडक तुला माहीत आहे, "दिलेलं लेकरू सारखं डोळ्याम्होरं आणू नये, मन तुटत न्हाय." सासूबाईंपुढं मी काय बोलणार? पण जन्मल्या तेव्हा कोण कशी होती ते आठव. पद्मा मुठीएवढी. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजत होतो. जगते की नाही म्हणून तर तुझ्याकडे दिली, दवाखाना जवळ म्हणून आणि तुझी ओटी रिकामी म्हणून. संयू चांगली गुटगुटीत, ती माझ्याजवळ राहिली. आणि आज अकराव्या वर्षी हे!

आत्ती म्हणतात, "जुळ्यात एक दुसरीचं वडून घेतीया. ती तिकडं वाढली म्हंजे ही हिकडं खुटणारच." मी असलं काही मानत नाही. पण आक्का, परवा दिवा लावताना माझ्या तोंडून अंबाबाईला निघून गेलं की पद्माची वाढ जरा थांबू दे. आईनं असं मागायचं असतं? ती काय माझी नाही? माझं मलाच भ्या वाटलं.

खरं सांग, तू तिला काय देतेस? टॉनिक चालू आहे का? माझ्या दावणीला दोन म्हशी आहेत, परड्यात कोंबड्या आहेत. संयूच्या ताटात कशाचीही उणीव नाही. आमटी, अंडं, वर फुलपात्र भरून दूध. पोटभर खाऊन झोपते. मग माझं कुठं चुकलं?

वैजू


कोल्हापूर
२१ मे १९९८

वैजू,

तुझं पत्र वाचलं आणि परातीतलं पीठ तसंच राहिलं. टॉनिक! अगं, तुझ्या दाजींचा फौंड्रीतला पगार आणि घरभाडं याच्यात टॉनिकची बाटली कुठं बसायची? आमच्याकडे दूध येतं अर्धा लिटर पिशवी. त्यातच चहा, त्यातच पद्मा. मटण महिन्यातून एकदा. तुझी संयू एका जेवणात जेवढं दूध पिते तेवढं माझी पद्मा दोन दिवसांत बघत असेल.

आत्तींचं बोलणं मी मनावर घेत नाही. तू मात्र त्यातलं अर्धं मानलंस, हे मला लागलं. नवसाचं मी पद्माला कधी कळू देणार नाही आणि पुन्हा तूही कुणाला सांगू नकोस.

राग मानणार नसशील तर एक सांगते. पोरीकडं लक्ष द्यावं लागतं गं. नुसतं ताट वाढून भागत नाही. तुला म्हशी, शेण, वैरण, चार माणसांचा रगाडा. माझं काय, ही एकच. तुझे दाजी सकाळी सातला रात्रपाळी करून येतात तेव्हापासून माझं घर जागं असतं. पद्माचं न्हाणं, खाणं, अभ्यास, सगळं माझ्या नजरेखाली. लेकरू नजरेखाली वाढलं की वाढतं.

तू असं कर, संयूला सुट्टीत इकडे धाडून दे. इथं मुलांच्या डॉक्टरीणबाई आहेत, चांगल्या आहेत. एकदा दाखवू. काही असलं तर वेळेवर कळेल.

आक्का


गारगोटी
१ जून १९९८

आक्का,

हे पत्र आणि संयू, दोन्ही ह्यांच्याबरोबर धाडते आहे. ह्यांना कुठं हवं होतं, दूध संस्थेच्या मीटिंगा चालू आहेत. "पोरगी धडधाकट हाय, तिला काय झालंय?" म्हणत होते. मी म्हटलं, "फ्रॉक बघितलासा न्हवं तुमी?" मग निघायला तयार झाले.

तुझं 'लक्ष' पोचलं. आम्ही इथं काय पोरी वाऱ्यावर सोडल्यात? पहाटे उठून माझ्या हाताला हात लावते पोर. पाणी भरते, शेण काढते, गोठा लोटते, मग शाळेला चालत जाते. आणि दमून आली की मी स्वतः समोर बसून जेवू घालते, डोळे मिटायला लागले तरी दूध संपल्याशिवाय उठू देत नाही. आत्तींचा नियमच आहे, "उपाशी निजलं तर चिमणीएवढं मास झडतंय." त्या नियमात बारा महिन्यांत खंड नाही.

तेव्हा लक्षाचं मला शिकवू नकोस. डॉक्टर काय म्हणतात ते मात्र काही न लपवता लिही. काही वाईट असलं तरी लिही.

वैजू


कोल्हापूर
१० जून १९९८

वैजू,

आधी हे वाच आणि श्वास सोड: संयूला आजार नाही. रक्त तपासलं, मनगटाचा एक्स-रे फोटो काढला, सगळं ठीक आहे. आता पुढचं बसून वाच. मला स्वतःला दोन दिवस लागले हे लिहायला.

संयू आली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. हे सातला आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. रात्रभर भट्टीशी उभं राहिलेला माणूस, त्यांचं खरं जेवण ते तेव्हाच असतं. भाकरी, मटकीची उसळ, अंडं, शिळी नव्हे, त्या वेळची आमटी. पद्मा लहानपणापासून त्यांच्या ताटाशेजारी बसते. मी संयूचंही ताट मांडलं. ही आपली भिंतीला टेकून उभी. बोलावलं तर म्हणाली, "मावशी, आता कसं जेवायचं? सकाळ हाय की." मग मी कपात दूध ओतून दिलं. तिनं कप हातात घेतला, आत बघितलं आणि मला विचारलं, "ह्ये डेअरीला घालायचं न्हाय?"

मला हसू आलं. अगदी मोठ्यानं हसले मी. आता ते हसणं आठवलं की तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

कारण हेच दवाखान्यात निघालं. बाईंनी विचारलं, "सकाळपासून काय काय खातेस, सांग बाळ." पोर घडाघडा सांगत गेली. "सकाळी चा. धा वाजता भाकरी आन खर्डा. मधल्या सुट्टीत भाकरी-चटणी. रातच्याला दूध, आमटी, अंडं, समदं." बाई म्हणाल्या, "घरी म्हशी आहेत ना? मग सकाळी दूध का नाही?" त्यावर संयू अशी बघायला लागली जशी बाईंना काही कळतच नाही. म्हणाली, "सकाळचं दूध डेअरीचं असतंय की."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग पद्माला विचारलं. ती म्हणाली, "मी सकाळी आप्पांच्यासंगं जेवती. रात्री भात-आमटी न्हायतर दूधभाकरी, असलं काय तर."

वैजू, बाईंनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. दूध, डाळ, अंडं यात जे प्रोटीन असतं तो अंगबांधणीचा माल. चरबी अंगात साठून राहते, पण प्रोटीन साठवायला शरीरात कोठी नाही. रात्री एकदम घातलं तर त्या वेळी लागेल तेवढं शरीर घेतं आणि उरलेलं जाळून टाकतं. आणि दिवसभर पोर राबते, चालते, वाढते, तेव्हा माल नाही. तेव्हा शरीर आपल्याच मांसातून काढून काम भागवतं. म्हणाल्या, "गवंडी दिवसभर कामावर आणि विटा येतात रात्री, असं झालंय हे." मी त्यांना आत्तींचं चिमणीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. पण रात्रभर झडतं तर सकाळी भरून नको का काढायला?"

छातीठोकपणे त्या काही बोलल्या नाहीत. सगळा फरक एवढ्यानंच पडला असं म्हणता येणार नाही, जास्त राबणं आहे, झोप आहे, म्हणाल्या. पण दोघी एका वारेच्या, आजार कुठला नाही, तर आधी हे बदलून बघू. आणि लवकर. पोरी वयात आल्या, शहाण्या झाल्या की पुढं वाढ फार उरत नाही. हाताशी दोन वर्षं धरून चाला म्हणाल्या.

आता माझं. 'लक्ष, लक्ष' म्हणून तुला मी टोचलं. कसलं लक्ष नि कसलं काय! पद्माला सकाळी जेवण मिळालं ते तिच्या आप्पांना रात्रपाळी होती म्हणून. मी काही ठरवून केलं नव्हतं. त्यांची दिवसपाळी असती तर मीही सगळ्यांसारखा सकाळी चहा ठेवला असता. एवढ्या पाळीच्या फरकानं पोरींत एवढा फरक? मला अजून खरं वाटत नाही.

तुझी आक्का


गारगोटी
१९ जुलै १९९८

आक्का,

तुझं पत्र मी गोठ्यात उभं राहून वाचलं. इतकी वर्षं रोज मी माझ्या हातानं तिच्या पुढ्यातनं दूध काढून कॅनमध्ये ओतत आले. कुणी सांगितलं नाही, कुणी बळजबरी केली नाही. सकाळचं डेअरीला, संध्याकाळचं घराला, ही या घराची रीत. आमचा कॅन संस्थेत पहिला लागतो याचा सगळ्यांना केवढा अभिमान! मलासुद्धा होता.

संयू परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी धार काढल्या काढल्या फुलपात्र भरून संयूपुढं धरलं. ती मागं सरली. "आज्जी वरडंल." आणि आज्जी ओरडलीच. "सकाळच्या पारी दूध? कॅन कमी भरला तर लोक काय म्हनतील? आमी काय वाढलो न्हाय? रातचं जेवानच अंगाला लागतंय!" हे कॅन हातात घेऊन उभे. ना इकडचे ना तिकडचे. मी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगून बघितलं, पालथ्या घड्यावर पाणी.

असे पंधरा-वीस दिवस भांडणात गेले. संयू माझ्याजवळ येऊन म्हणायची, "आई, ऱ्हाऊ दे, मला भूक न्हाय." हे ऐकलं की माझा जीव तुटायचा.

मग दोन आठवड्यांपूर्वीची एक सकाळ. धाकटी म्हैस नुकतीच व्यालेली आहे. आत्ती स्वतः धारेला बसल्या होत्या. तीन सडं पिळली, चौथं सोडलं आणि मला म्हणाल्या, "रेडकू सोड गं." मी दाव्याला हात घातला आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं, "आत्ती, डेअरीचं दूध हाय न्हवं सकाळचं? मग रेडकाला कशाला?"

त्या म्हणाल्या, "येडी का खुळी तू? त्येला वाढाय नको व्हय?"

आक्का, तेवढं बोलल्या आणि थांबल्या. गोठ्याच्या दारात संयू शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. आत्तींनी तिच्याकडे बघितलं. ह्यांनीही बघितलं. रेडकू ढुशा देऊन पीत होतं. मला वाटलं आता आत्ती काहीतरी तोडून बोलतील. पण त्या उठल्या, संयूच्या डोक्यावरची पाटी खाली घेतली आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. सत्तरीच्या बाईला मी प्रथमच रडताना बघितलं.

त्या दिवसापासून कॅन दोन फुलपात्रं कमी भरतो. ह्यांना संस्थेत कुणीतरी विचारलं, "पाटील, म्हशी आटल्या काय?" हे म्हणाले, "म्हशी न्हाईत आटल्या, आमची अक्कल आटलीती." मी आता आमटी सकाळीच करते. संयू खाऊन शाळेला जाते. मीही तिच्याबरोबर चार घास खाते. या घरात आल्यापासून मी सकाळी चहाशिवाय काही तोंडात घातलं नव्हतं, हे मला आता कळलं.

पद्माच्या डोक्यावरून माझा हात फिरव. नवस मी फेडून टाकला, उलटा बोलून.

तुझी वैजू


कोल्हापूर
२२ नोव्हेंबर १९९९

वैजू,

दिवाळीला येता आलं नाही म्हणून रुसू नकोस. तुझ्या हातची कडबोळी पोचली, डबा केव्हाच रिकामा झाला. संयूच्या गणवेशाची दुसऱ्यांदा उसवून लांबी वाढवली हे वाचून मी देवापुढं साखर ठेवली. पोर हाताला लागली म्हणायची.

आमच्याकडे सगळं मार्गी लागलं आहे. फौंड्रीतली रात्रपाळी बंद झाल्याचं मागं कळवलंच होतं. काम कमी झालं खरं, पण देव करतो ते बऱ्यासाठी. इतक्या वर्षांनी आमचं घर चार लोकांच्या घरासारखं झालं. हे पहाटे डबा घेऊन जातात, संध्याकाळी येतात. रात्री आम्ही तिघं एकत्र जेवायला बसतो. मी जे काय करायचं ते चांगलंचुंगलं रात्रीच करते. गप्पा, हसणं, पद्माला तर उठवावं लागतं. सकाळीही आता धावपळ नाही. पद्मा आपला आपला चहा-बिस्किट घेते आणि सातच्या शाळेला जाते. दुपारी येऊन चटणी-भाकरी खाते.

एक जरा काळजी आहे. पद्मा हल्ली फार मलूल असते. परवा कवायतीत चक्कर येऊन खाली बसली. केस गळतात. गेल्या पावसाळ्यापासून तिची उंची जवळजवळ तिथंच आहे. शेजारच्या बाळाबाई म्हणतात, सातवीचं ओझं आणि वयात यायचे दिवस, असं होतंच. मीही तेच म्हणते. पूर्वी कशी भराभर वाढली, आता थांबायचीच. लक्ष आहे माझं, तू काळजी करू नकोस.

आक्का


गारगोटी
१ डिसेंबर १९९९

आक्का,

तुझं पत्र आलं तेव्हा माझे हात पिठात होते, म्हणून संयूला मोठ्यानं वाचायला सांगितलं. रात्री एकत्र जेवता हे ऐकून आत्तीसुद्धा म्हणाल्या, "बरं झालं बाई." मीही मान डोलावली. मलाही काही कळलं नाही, हे तुला आधी सांगते.

'चहा-बिस्किट' म्हणून संयू थांबली. मला वाटलं अक्षर लागेना. तिनं तेवढी ओळ पुन्हा वाचली, मग पुढचं चक्कर आल्याचं वाचलं. आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, पद्मीचं दूध कोण न्हेतंय?"

आक्का, पिठाचे हात मी तसेच पदराला पुसले. तुझं पत्र मी तिच्या हातातून घेऊन परत वाचलं, परत वाचलं. त्यात सगळं लिहिलं आहेस गं तू! दवाखान्यात संयूनं जे सांगितलं होतं तेच, शब्द बदलून. आणि तिथं तर तू स्वतः बसली होतीस. डॉक्टरीणबाईंचं मला तू समजावलंस. त्या पत्रात तू लिहिलं होतंस की दाजींची दिवसपाळी असती तर मीही सकाळी चहाच ठेवला असता. लिहिलं होतंस, आठवतंय का?

मी तुला टोचत नाही.  त्या वेळी मी मागितलेलं खरंच झालं की काय, असं एकदा मनात येऊन गेलं. पण नवसानं नाही, आक्का, हे पाळीनं झालंय. आजच्या आज बदल. आणि तिला घेऊन आधी दवाखान्यात जा, चक्कर म्हणजे खेळ नव्हे. हे शनिवारी येतायत. संयूही येते म्हणते, तिला पद्माजवळ राहायचं आहे. आत्तींनी हरकत घेतली नाही. उलट अंडी भुशात बसवून डबा त्यांनीच भरलाय.

वैजू


कोल्हापूर
६ डिसेंबर १९९९

वैजू,

भाऊजी आणि संयू सुखरूप पोचले. दवाखान्यात जाऊन आलो. रक्त कमी आहे. गोळ्या दिल्यात. बाईंनी मला ओळखलं. "तुम्हीच ना त्या?" एवढंच म्हणाल्या. खाली बघत मी हो म्हटलं. अजून वेळ आहे म्हणाल्या, पण घालवू नका.

तुझं पत्र मी ह्यांच्या हातात दिलं तेव्हा हे डबा घेऊन निघाले होते. उभ्या उभ्या वाचलं आणि डबा खाली ठेवून उघडला. उसळ, दोन अंडी, दही. पहाटे उठून मीच भरलेला. वैजू, सकाळी माझ्या घरात स्वयंपाक होतच होता गं! रोज होत होता. संयूनं विचारलं ना, पद्मीचं दूध कोण नेतंय? मीच देत होते बांधून, घराबाहेर. आणि भांडी धुवून पोरीपुढं बिस्किटाचा पुडा सरकवत होते. हे त्या दिवशी कामावर गेले नाहीत. पद्माला उठवलं आणि आपल्या ताटाशेजारी बसवलं.

आज सकाळी दोघी शेजारी बसून जेवल्या. उंचीला आता दोन बोटांचा फरक उरलाय. बघून मला आनंद झाला, पण पुरता नाही, कारण त्यातली थोडी उंची संयूनं मिळवली आणि थोडी पद्मानं घालवली.

मी पद्माला विचारलं, "भूक लागायची तर बोलली का न्हाईस गं मला? ताटली घेऊन बसायचं, मागायचं. मी न्हाय म्हटलं असतं व्हय?"

ती घास तसाच हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. संयूनं दवाखान्यात बाईंकडं पाहिलं होतं ना, तशीच. म्हणाली, "आई, त्यो आप्पांचा डबा असतोय की."

आक्का